नवाबाची पिठाची आंघोळ

नवाब लातुरात आला तेव्हा त्याच्या अंगावर एक केस नव्हता, अन् लातुरात पाणी नव्हतं.

"ह्या मांजराला सोललंय का काय कुणी?" रुद्राणीच्या आईनं, गुरम्मानं, पदर तोंडाला लावून विचारलं.

"सोललं न्हाई, ताई. जातच तशी हाय," मामा म्हणाला. तो हैदराबादची नोकरी सोडून दुबईला निघाला होता. टोपलीतून आणलेला नवाब त्यानं भाचीच्या ओटीत घातला आणि वर एक कागद दिला: आठवड्याला एकदा आंघोळ, कान कापसानं पुसणे, उन्हात सोडू नये. तेल लावू नये, हे लिहायचं त्याला सुचलंच नाही. मांजराला तेल लावतं कोण!

नववीतली रुद्राणी बघतच राहिली. अंगभर सुरकुत्या, पळसाच्या पानाएवढे कान, आणि हात लावावा तर तव्यावरनं काढलेली भाकर! इतकं देखणं जनावर तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

तिच्या आप्पांनी, महादेवप्पांनी, मात्र कपाळावरचे भस्माचे तिन्ही पट्टे आक्रसून घेतले. त्यांचं डाळीचं दुकान होतं. त्या वर्षी गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा, आणि ड्रममध्ये पाणी किती उरलं त्याची कोळशाची रेघ आप्पा रोज स्वतः ओढायचे.

"माणसाला घोटभर न्हाई अन् ह्याला न्हाणं? शनिवारी दुपारी जेवायला येईन तवा बघतो. ड्रम रेघेखाली गेला, न्हाईतर घरात ह्याचा एक चिकट डाग दिसला, की हा औशाच्या गोदामात. उंदरं धरंल तिथं."

औशाचं गोदाम म्हणजे पत्र्याचं. तिथं नवाबाचा पापड झाला असता.

केसाळ मांजराच्या अंगचं तेल केसांत जिरतं. नवाबाचं जिरणार कुठं? दोन दिवसांत तो चिकट व्हायचा. रुद्राणी आप्पांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं त्याला सकाळ-संध्याकाळ कोरडंच पुसायची, सुरकुत्या उलगडून उलगडून. कान पुसताना तर तो असा डोळे मिटून बसायचा, जसे आप्पा न्हाव्यापुढं! सहा दिवस एक डाग नाही. शनिवारी पेपर देऊन ती उड्या मारतच घरी आली.

आणि दारातच थिजली.

ओसरीवर तुळजाबाई पाय पसरून बसल्या होत्या. गल्लीतली सगळी बाळं न्हाऊ-माखू घालणाऱ्या तुळजाबाई. त्यांच्या पायांवर नवाब उताणा, चारी पाय वर. शेजारी वाटीत करडईचं कोमट तेल.

"तुळजामावशी, हे काय केलंत!"

"तुज्या आईनंच बलिवलं. म्हनली, लेकराची कातडी उन्हानं फाटल. बघ की, कसा लकाकून राहिला."

लकाकत तर होताच! रुद्राणी धरायला गेली तर साबणाच्या वडीसारखा सटकला, अंगणात धुळीत लोळला आणि परत आला तो काळपट, चिकट, नुसता चिखलाचा गोळा. त्यानं एक पाऊल ओसरीवर ठेवलं. एक काळा ठसा उमटला.

"आप्पा येतेत आता! पाणी न्हाई घेता येत, मावशी!" रुद्राणीला रडूच फुटलं.

"गप गं. तेल म्या लावलं, काढीन बी म्याच. लातूर जिल्हा झाला त्या सालापासनं पोरं चोळून राहिले. गुरम्मा, हरबऱ्याच्या पिठाचा डबा आना!"

मग काय विचारता! एक पीठ टाकतेय, दुसरी चोळतेय, तिसरी धोतराच्या तुकड्यानं पुसतेय. पिठानं तेल प्यालं, धूळ उचलली, आणि खाली लाट्याच्या लाट्या पडल्या.

"पिठानं पोराची लव काढावी लागती," तुळजाबाई म्हणाल्या, "हे आयतंच चोळून आलंय की!"

नवाब भुकटीच्या ढगात बसून सुखानं घुरघुरत होता. गुरम्मा हसून हसून भिंतीला टेकल्या. रुद्राणीनं ओसरीवरचा ठसा पिठानंच पुसला. तेवढ्यात चप्पल वाजली.

आप्पा सरळ ड्रमकडं गेले. पाणी रेघेवर. ओसरी पाहिली. डाग नाही. मग वाकून नवाबाला हुंगलं.

"भज्यावानी वास का यिऊन राहिला ह्याला?"

नवाबानं मान वर केली. घाईत तुळजाबाईंची पिठाची बोटं त्याच्या कपाळावरून फिरली होती. तिथं आडवे तीन पांढरे पट्टे उमटले होते, सरळ, ठसठशीत.

आप्पा ओसरीवर टेकले आणि त्याच्याकडं बघत राहिले. नवाब आप्पांकडं. मग तो उठला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसला, ऊन-ऊन.

"औशाला..." रुद्राणीनं हळूच विचारलं.

"औशाला कशाला? आपल्यातला मानूस गोदामात ठिवतेत का?" आप्पांचं पोट हसून हलायला लागलं. "दर शनिवारी पीठ दुकानातून आन. अन् गुरम्मा, तेवढी भजी कर. ह्याला हुंगून भूक लागली."