थांबची आणि लांबची

मित्रांनो, राज्यं सैन्याच्या जोरावर चालत असतील, घरं विश्वासावर चालत असतील, पण हे अख्खं शहर वीस वर्षं माझ्या एका फुंकरीवर चाललं. मी थांब म्हटलं की सोळा चाकांचा ट्रक थांबायचा. मोठ्या साहेबांची गाडी थांबायची. एकदा लग्नाला निघालेला नवरदेवसुद्धा थांबला होता. पुढे दोन-तीन वर्षांनी तो मुद्दाम चौकात आला आणि म्हणाला, "त्या दिवशी आणखी थोडा वेळ थांबवायला हवं होतंत."

एवढ्या थोर व्यक्तीचा सध्याचा मुक्काम स्वयंपाकघरात आहे, चहाच्या गाळण्याशेजारच्या खिळ्यावर. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. लांबी अडीच इंच. पोटात वाटाण्याएवढा बुचाचा मणी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला पत्र्यातून कापलं, वाकवलं, जोडलं, घासून लख्ख केलं आणि शेवटी एका बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्या बाई दिवसाला पाचशे शिट्ट्या हवेच्या नळीला लावून वाजवून बघायच्या. त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. कापसातूनही ऐकू येईल ती शिट्टी पास, बाकीच्या टोपलीत. मला वाटलं, बाईंना सर्दी झाली असावी. मित्रांनो, ती सर्दी नव्हती, ती अक्कल होती. पण ती अक्कल माझ्याबरोबर डब्यात घालून पुढे पाठवायचं कुणालाच सुचलं नाही.

मी आले ती मामांच्या गळ्यात. मामा म्हणजे वाहतूक पोलीस. त्यांना सख्खा भाचा एकही नव्हता, पण चौकातून जाणारा प्रत्येक जण त्यांना "मामा, जाऊ द्या ना" असंच म्हणायचा. त्यामुळे त्यांच्या बायकोलाही सगळे मामी म्हणू लागले. मामी म्हणायच्या, "शहरभर भाचे आहेत, पण दळण आणायला एक येत नाही."

मला दोनच शब्द येत होते. आखूड, मध्येच तोडलेली 'टुर्र' म्हणजे थांबा. ओढून धरलेली 'टुर्रर्रर्रर्र' म्हणजे चला, सुटा. मामा त्यांना थांबची आणि लांबची म्हणायचे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या एका लांबच्या शिट्टीत शाळेची अख्खी रांग या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचायची. शेवटच्या मुलाच्या पाठीवरचं दप्तर फुटपाथला लागलं की मामा मला तोंडातून काढायचे. लोक कौतुक करायचे. मी चमकायचे. मला वाटायचं, हे कौतुक माझंच आहे.

त्या चौकात मामांनी वीस वर्षं काढली. डावीकडे बस थांबायची आणि तिचं धुराचं नळकांडं बरोबर त्यांच्या दिशेने खोकायचं. सकाळी पांढराशुभ्र असलेला रुमाल दुपारी पायपुसण्यासारखा दिसायचा. ऊन होतं, पण पाणी प्यायची सोय नव्हती. म्हणजे पाणी होतं हो, प्यायल्यानंतरची सोय नव्हती. जवळपास कुठे जायला जागाच नाही म्हटल्यावर मामा तहान लागली तरी पेपरमिंटची गोळी चघळायचे. आठ-आठ तास उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा अशा फुगल्या, की मामी म्हणाल्या, "शहराचा नकाशा पायावर काढून घेतलात होय?"

हॉर्नचं तर विचारूच नका. आणि हॉर्नवर वरचढ व्हायला मी होतेच, ओठात, कानापासून वीतभर अंतरावर. मित्रांनो, बाहेरचे चोर सगळ्यांना दिसतात. घरभेदी मी होते.

मामांचा डावा कान हळूहळू गेला. घरी ते ओरडून बोलू लागले, पण "मी कुठे ओरडतोय?" असंही ओरडूनच म्हणायचे. मामी म्हणाल्या, "जरा भात घ्या," तर म्हणायचे, "हात? धुतले की!" चौकात हे चालून गेलं, कारण तिथे कोणी कोणाचं ऐकतच नाही.

आणि श्वास. तो मला सगळ्यांच्या आधी कळला. लांबची शिट्टी रांगेच्या शेवटच्या मुलापर्यंत पोचेना. मग मधल्या मुलापर्यंतही पोचेना. मामा उरलेली रांग हातवाऱ्यांनी पार करायचे आणि मग खांबाला पाठ लावून खोकायचे. मला सांगता आलं नाही. मला बोलायचं तर दुसऱ्याचा श्वास लागतो आणि तोच कमी पडत होता.

एक दिवस साहेबांनी सगळ्या पोलिसांची आरोग्य तपासणी ठेवली. एका लांबलचक खोलीत टेबलं मांडली होती, वर पंखा खडखडत होता आणि रांगेत सत्तर पोलीस. मामांची पाळी आली तेव्हा सिस्टर बिचारी दमून गेली होती. तिने मामांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली, "काका, छाती भरून श्वास घ्या आणि लांब फुंका."

मी खिशात होते. मला स्वच्छ ऐकू आलं. मला कान नाहीत, त्यामुळे ते बिघडलेलेही नाहीत. पण मामांच्या डाव्या कानात शिरेपर्यंत 'लांब'चं 'थांब' झालं. आता थांबची फुंकर मारायला मामांना कोणी शिकवावं? त्यांनी छाती फुगवली आणि नळीत अशी कडक, तोडलेली 'फुट्' मारली, की यंत्राच्या आत एखादा ट्रक असता तर जागच्या जागी थांबला असता.

"काका, लांब! लांब!" सिस्टर ओरडली.

मामांना वाटलं, पुरेशी कडक झाली नाही. त्यांनी आणखी आखूड मारली. तिसऱ्यांदा तर जेमतेम 'प्' एवढाच आवाज आला आणि मामा अभिमानाने सिस्टरकडे बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "आटपा की, मामा!" सिस्टरने यंत्रातला आकडा कागदावर लिहिला, त्याभोवती लाल गोल काढला आणि म्हणाली, "शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांना भेटा." हे मात्र मामांना नीट ऐकू आलं. वाईट बातमी ऐकायला चांगला कान लागत नाही.

कागदावर लिहिलं होतं, फुप्फुसांची ताकद चाळीस टक्के.

मामांनी कागदाची घडी केली आणि ती माझ्याच खिशात ठेवली. दोन दिवस मी आणि तो कागद शेजारी-शेजारी राहिलो. त्याच्यासारखा गप्प शेजारी मी पाहिला नाही. घरी मामांनी एक अक्षर काढलं नाही, पण ते एकदम गोड वागू लागले. गळका नळ दुरुस्त केला. मामींना फ्यूज कसा बदलायचा ते शिकवायला बसले. माळ्यावरच्या ट्रंकेची किल्ली कुठे असते ते तीनदा सांगितलं. रात्री जेवताना म्हणाले, "तुझ्या हातची आमटी फार छान असते हं."

मामींच्या हातातला डाव थांबला. इतक्या वर्षांत आमटीला मीठ कमी आहे यापलीकडे त्यांनी काही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुण्याआधी शर्टाचे खिसे उलटे केले. खिशातून मी पडले आणि माझ्यामागोमाग तो कागद.

"अहो, हे काय आहे?" मामी मामांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुठला कान चालू आहे ते माहीत होतं.

"काही नाही गं. यंत्र बिघडलेलं असेल."

"बिघडलेलं आहे म्हणून मला फ्यूज बदलायला शिकवताय?" मामी खुर्ची ओढून समोर बसल्या. "सांगा. काय-काय झालं ते सगळं सांगा."

मामा सांगू लागले. चिमटा, नळी, पंखा, सिस्टर. "ती म्हणाली, थांब फुंका. मी थांबची फुंकली. तीनदा. एक नंबर फुंकली गं, तरी चाळीसच आले!"

"थांबची?" मामींनी मला जमिनीवरून उचललं. "दवाखान्यात कुणाला थांबवायचं होतं?"

"आता ते मला काय माहीत? ती ओरडत होती थांब, थांब..."

"कुठल्या बाजूला उभी होती?"

मामांनी डावा हात वर केला.

"अहो, लांब! लांब म्हणाली असेल ती! कोण सांगेल माणसाला, थांब, फुंका?" आणि मग त्या हसू लागल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता मामांच्या पाठीत एक धपाटा घातला. "दोन दिवस मनात ठेवलंत! मला सांगितलं असतंत तर दोन दिवस वाचले असते. आमटी म्हणे छान!"

शुक्रवारी मामी बरोबर गेल्या. त्यांनी सिस्टरला हाताला धरून उजव्या बाजूला आणून उभं केलं आणि म्हणाल्या, "आता सांगा ह्यांना." सिस्टरने सांगितलं. मामांनी श्वास घेतला आणि फुंकू लागले. मी मामींच्या मुठीत होते. मामा फुंकतच राहिले, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या डोळ्यांसमोर शाळेची रांग चालू लागली. पहिला मुलगा, मधला, त्याच्यामागचा...

त्र्याहत्तर टक्के.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "फुप्फुसं दमली आहेत, पण संपलेली नाहीत. औषध देते, मास्क लावायचा, चौकातून बाहेर पडायचं. श्वासनळ्यांना आलेली सूज बरीच उतरेल. पायांना घट्ट मोजे, आणि पाणी प्यायचं." मग त्यांनी मामांचा डावा कान तपासला. "कानाचं मात्र जे गेलं ते गेलं. उरलंय ते सांभाळू."

बाहेर आल्यावर मामा पायरीवर बसले आणि म्हणाले, "आमटीला मीठ कमीच असतं गं." मामींना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

साहेबांना डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मिळाली आणि मामांची बदली नव्या पोरांना शिकवायच्या वर्गात झाली. तिथे खिडकी आहे, खुर्ची आहे आणि जायला जागाही आहे. पहिल्याच दिवशी मामा प्रत्येकाच्या हातात कानात घालायचे बोळे देतात आणि म्हणतात, "आधी हे, मग शिट्टी. आणि डॉक्टरने फुंका म्हटलं की लांबची, समजलं?" मला कारखान्यातल्या त्या बाई आठवतात.

मला आता काम नाही. वर्षभर मी खणात रबरबँडांच्या गुंत्यात पडून होते, मग मामींनी या खिळ्यावर टांगलं. वाईट वाटत नाही. मामा आता संध्याकाळी जिना चढून येतात आणि दारात खोकत नाहीत. बेल वाजवतात. मला तेवढ्यावरून त्यांचा श्वास कळतो.

तेव्हा मित्रांनो, चौकात उभा असलेला माणूस खांब नाही. त्याच्या कानाशी हॉर्न वाजवू नका, त्याच्या तोंडावर इंजिन फुरफुरवू नका, त्याला प्यायला पाणी आणि पाणी प्यायल्यावर जायला जागा द्या. त्याचा श्वास त्याचा एकट्याचा असतो, पण त्यावर रस्ता ओलांडतो आपण सगळे. एवढंच माझं सांगणं आहे.

आणि हो, तुमच्यापैकी कोणाकडे टाचणी आहे का? वीस वर्षांच्या पेपरमिंटने माझ्या पोटातला मणी एका बाजूला चिकटून बसलाय. जरा मोकळा करून द्या. फार अवघडल्यासारखं होतंय.