लालसर नमुना

लॅबमध्ये माझ्या पाठीमागे सगळे मला 'हेडबाई' म्हणतात. रक्ताचा नमुना खराब दिसला की मी तो सरळ बाद करते आणि माणसाला पुन्हा टोचायला बसवते. रडवेल्या बायका, घाईतले साहेब, कुणालाच मी भीक घातलेली नाही. दुसऱ्यांदा टोचलं म्हणून त्यांतलं कुणी मेलंही नाही.

माझ्या वडिलांना, अप्पांना, दोन गोळ्या चालू होत्या. एक हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी, दुसरी लघवीवाटे अंगावरची सूज उतरवणारी. ही दुसरी सुजेबरोबर रक्तातलं पोटॅशियमही काढून नेते. ते फार कमी झालं की हृदयाची गोळी उलटते आणि ज्याला सांभाळायचं त्याच्याच जिवावर उठते. अप्पांचं जेवण तुटलं, मळमळायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजच पोटॅशियम बघा. कमी निघालं तर हृदयाची गोळी बंद करून लगेच दाखल करू."

मी घरीच रक्त घ्यायला बसले. अप्पांच्या शिरा दोऱ्याएवढ्या. सुई गेली, पण रक्त येईना. मी दंड आवळला, हात पिळला, सिरिंज जोरात ओढली, तेव्हा कुठे कसंबसं आलं.

"झालं का तुझं?"

"झालं, अप्पा."

"आता परत टोचू नकोस गं. जीव गेला माझा."

लॅबमध्ये नळी यंत्रात फिरवून काढली. वर सुटलेलं पाणी पिवळसर हवं, ते लालसर होतं. माझ्या ओढाताणीत रक्तपेशी फुटल्या होत्या. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा खोटा चढतो. हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. परक्याची नळी असती तर केव्हाच कचऱ्यात गेली असती. मला अप्पांचा निळा पडलेला हात आठवला. इतकं काही लाल नाही, असं म्हणून मी ती तपासायला लावली. चार पूर्णांक एक, अगदी नॉर्मल. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नमुना लालसर असल्याचा शेरा मी लिहिला नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली. रोज सकाळी ती अप्पांच्या हातावर मीच ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा खुर्चीतून घसरले. हॉस्पिटलात घेतलेल्या रक्तात पोटॅशियम निघालं दोन पूर्णांक तीन. संध्याकाळी सगळं आटोपलं.

डॉक्टर दोन्ही रिपोर्ट शेजारीशेजारी धरून उभे होते. "तीन दिवसांत एवढं उतरलं? ते पहिलं रक्त कुणी घेतलं होतं?"

"मी."

त्यांनी माझा रिपोर्ट फाइलीत सरकवला. "मग प्रश्नच नाही. खराब नमुना तुम्ही पुढे जाऊच देत नाही."

मी मान डोलावली.