वाळूच्या कोर्सवरचं खोटं गवत

मित्रांनो, आधी पाय पुसा, मग ऐका. लाजू नका, माझं कामच ते आहे. कतारमधल्या दुखानच्या या तेलवाल्यांच्या वसाहतीत मधु आणि सरोजच्या दारात मी बरीच वर्षं पडून आहे. माझा रंग मुळात हिरवा होता. आता कोणता आहे ते विचारू नका. पण मी पायपुसणं म्हणून जन्माला आलो नव्हतो, एवढं मात्र कान देऊन ऐका. एके काळी मी एका गोल्फपटूच्या पट्ट्याला लटकून ऐटीत फिरत होतो.

जन्माने मी प्लॅस्टिकचा. कुठल्याशा हॉटेलच्या गच्चीसाठी खोट्या गवताचा मोठा गालिचा आला, त्यातून उरलेला मी हातभर तुकडा. दोह्यातल्या एका दुकानात कोपऱ्यात धूळ खात होतो. मधुने मला उचललं, कडा चाकूने नीट कापल्या, एका कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवली. हा मधु म्हणजे नाशिकचा इंजिनियर, गॅस प्लांटवर नोकरीला. दिसायला शांत, पण हरला की दोन दिवस जेवणाला नावं ठेवणार.

गोल्फला खरं गवत लागतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. दोह्यात तसा गवताचा कोर्स नुकताच झाला होता. आमच्या वसाहतीत मात्र वाळूच. दोन्ही बाजूंना पांढरे खांब रोवलेले. चेंडू खांबांच्या आत पडला तर मला खाली अंथरायचं, चेंडू माझ्यावर ठेवायचा आणि मारायचा. खांबांबाहेर गेला तर माझा उपयोग शून्य. दगडधोंड्यांतून पडेल तसा मारा आणि भोगा. शेवटी जिथे चेंडू खळग्यात घालायचा, तिथे तेल पाजून सपाट केलेली वाळू. तिला सगळे ब्राउन म्हणत. त्यावर माणसाची पावलं उमटतात, म्हणून रिवाज असा, की खेळ संपला की लोखंडी दांड्याची घासणी घ्यायची, खळग्यापासून गोल गोल फिरत बाहेर यायचं आणि सगळी पावलं पुसून टाकायची. मागून येणाऱ्याला वाळू कोरी मिळाली पाहिजे. मधु या बाबतीत अगदी सोवळ्यातला. दुसऱ्याने घासलेलं त्याला पटायचंही नाही.

त्याचा जोडीदार अबूबकर. रत्नागिरीकडचा, कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून, त्याच ओळीत चार घरं सोडून राहायचा. गोल्फ त्याला बेताचाच यायचा, पण मधुची संगत आवडायची. चेंडू दगडांत गेला तरी हसायचा. ‘‘जाऊ दे रे, त्याला पण फिरायला नको?’’ म्हणायचा. काहीही दुखलंखुपलं तरी त्याचं एकच उत्तर, ‘‘काय नाय रे.’’ माझ्यावरून चेंडू मारून झाला की मधु मला तसाच टाकून पुढे सुटायचा. अबूबकर मागून येऊन मला उचलायचा, झटकायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. मला तो माणूस फार आवडायचा. सांगायला लाज कसली?

आता एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जुलैतली गोष्ट. रविवारची संध्याकाळ. जगातल्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, ब्रिटिश ओपन, तिचा शेवटचा दिवस टीव्हीवर चालू होता. स्कॉटलंडमधला कार्नूस्टीचा कोर्स, आणि पुढे होता फ्रान्सचा एक खेळाडू. मधुच्या दिवाणखान्यात दोन्ही कुटुंबं जमली होती. मी बॅगेला टेकून सगळं बघत होतो. फ्रेंच गडी शेवटच्या खळग्याला आला तेव्हा तीन फटके पुढे होता. सावकाश, भीत भीत खेळला असता तरी कप त्याचाच होता. पण त्याने जोर लावला, चेंडू भलतीकडे गेला, मग उंच गवतात, मग ओढ्यात. गडी बूटमोजे काढून पाण्यात उतरला. मधु सोफ्यावरून उठून ओरडत होता.

‘‘अरे थांब ना! तीन फटके हातात आहेत, कशाला मरतोस?’’

‘‘एवढं पुढे असून असं का करतो हा?’’ सरोजने विचारलं.

‘‘हाव! दुसरं काय? माणसाला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे.’’

अबूबकर हळहळत होता. ‘‘बिचारा. सगळी दुनिया बघतेय त्याला.’’ त्याची बायको फरजाना म्हणाली, ‘‘कप गेला तर गेला, घरी तर जाईल ना धड!’’ यावर सगळे हसले. त्या खेळाडूचा कप गेलाच. मधुने पुढचे चार दिवस प्लांटवर भेटेल त्याच्याजवळ त्या फ्रेंच गड्याची अक्कल काढली. वा रे वा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्या क्लबच्या उन्हाळी कपाचा शेवटचा फेरा होता. मधु सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या जोडीला अबूबकरचं नाव लागलं होतं. या खेळात जोडीदारच तुमचे फटके मोजतो, कार्डावर लिहितो आणि शेवटी सही करतो. तो मधूनच निघून गेला तर तुमचं कार्ड बाद. आणि गुरुवारी अबूबकरला सपाटून ताप भरला होता, पोट बिघडलं होतं. पहाटे मधु त्याला न्यायला गेला तेव्हा फरजाना दारातच म्हणाली, ‘‘मधुभाऊ, आज यांना सोडा. रात्री उभं राहवत नव्हतं.’’

मधु काही बोलायच्या आत अबूबकर टोपी घालून बाहेर आला. ‘‘काय नाय गं. मी नाय गेलो तर याचं कार्ड कोण लिहील? बारा महिने वाट बघतोय तो.’’ मधुने मान खाली घातली. पण ‘राहू दे’ काही म्हणाला नाही.

जुलैमधलं इथलं ऊन तुम्हाला काय सांगू! सकाळी सातलाच लोखंडाला हात लावता येत नाही. त्या दिवशी वारा पडला होता आणि समुद्राकडून नुसता दमटपणा येत होता. अर्ध्या खेळातच अबूबकरची बाटली संपली. मधुने आपली दिली, तीही संपली. शेवटच्या आधीच्या खळग्याजवळ पुढची मंडळी भेटली, त्यांनी आपापले आकडे सांगितले. मधुने मनात हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला. तीन फटके हातात होते.

‘‘अबू, जिंकलो रे आपण!’’

अबूबकर हसला, पण जीभ जड झाल्यासारखा बोलत होता. ‘‘इन्शाल्ला. मधु, गंमत बघ, आता घाम पण येत नाय.’’

‘‘बरंच झालं की!’’ मधु म्हणाला आणि पुढे चालू लागला. मित्रांनो, एवढ्या उन्हात घाम थांबणं हे बरं लक्षण नसतं. मरणाच्या उंबरठ्यावरचं लक्षण आहे ते. प्लांटवर भिंतीभिंतीवर तसे फलक लावलेले होते, आणि मधु रोज त्यांच्याखालून जात होता.

शेवटच्या खळग्याला मधुचा पहिला फटका खांबांबाहेर दगडांत गेला. अबूबकर पांढऱ्या खांबाशी मटकन खाली बसला. मग त्याने मधुला हाक मारली. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

‘‘मधु, मला घरी ने. खलास. मला घरी ने रे.’’

मधुने मागे वळून बघितलं. गाडी समोर दिसत होती. तो क्षणभर थांबला, हे मी माझ्या या डोळ्यांदेखत... बरं, डोळे नाहीत मला, पण होतो तिथे. मग म्हणाला, ‘‘अरे, पाच मिनिटं फक्त. तू आता उठलास तर कार्ड बाद होईल. इथूनच बघ, मोजत राहा. लगेच जाऊ, यल्ला!’’

दगडांतून त्याने चेंडू खांबांच्या आत आणला. तो नेमका अबूबकरजवळ येऊन पडला. मधुने मला अंथरलं, चेंडू ठेवला आणि असा सुरेख फटका मारला, की चेंडू थेट ब्राउनवर गेला. मग नेहमीसारखा मला तिथेच टाकून तो धावत सुटला.

अबूबकरने नेहमीसारखा मला उचलायला हात पुढे केला. उचलता आलं नाही. मग तो आडवा झाला आणि डोकं माझ्यावर ठेवलं. तव्यासारखं तापलं होतं ते डोकं. तो काहीतरी पुटपुटत होता. फरजानाचं नाव मला कळलं, मुलीचं, माहिराचं नाव कळलं, बाकीचं कळलं नाही. मी काय करणार होतो? मला पाणी आणता येत नाही, हाक मारता येत नाही.

तिकडे मधुने दोन फटक्यांत चेंडू खळग्यात घातला. जिंकला! आता तरी धावत येईल असं मला वाटलं. पण त्याने घासणी उचलली. मागून कुणी येणार नव्हतं. शेवटची जोडी हीच होती. तरी तो खळग्यापासून गोल गोल फिरत राहिला, आपली पावलं पुसत, सावकाश, रिवाजाप्रमाणे. इकडे माझ्यावरचं डोकं बोलायचं थांबलं होतं. काम झाल्यावर मधुने टोपी उंच केली आणि ओरडला, ‘‘अबू, लिही पाच!’’

मग तो धावला. त्याला माझ्यासकट उचललं, गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाइन लावलं, होतं नव्हतं ते सगळं केलं. दुपारच्या नमाजाआधी अबूबकर गेला. क्लबचा सेक्रेटरी रहमान संध्याकाळी येऊन सांगून गेला, की या वर्षी कप कुणालाच देणार नाहीत. मधुने ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

मधुने खेळ सोडला. बॅग कुणाला तरी देऊन टाकली. मी तेवढा गाडीत राहिलो होतो, मला सरोजने दारात टाकलं. तिला काय माहीत? मधु तेव्हापासून माझ्यावर पाय ठेवत नाही, ओलांडून जातो.

फरजाना इद्दतीसाठी, म्हणजे विधवेने घरात पाळायच्या मुदतीसाठी, दोह्याला भावाकडे, खलीलकडे राहिली. चार महिने दहा दिवस भरल्यावर, कायमची गावी निघण्याआधी, माहिराला घेऊन निरोप घ्यायला आली. सरोज तिला आत ये म्हणत होती, पण ती दारातच, माझ्यावर उभी राहिली. खलील गाडीत थांबला होता.

‘‘मधुभाऊ, एकच विचारायचं होतं. तुम्ही जवळ होता. शेवटी हे काही बोलले का?’’

मधुने खाली पाहिलं, माझ्याकडे. वाटलं, आता बोलेल. अरे बोल, खरं काय ते बोल आणि मोकळा हो! पण तो म्हणाला, ‘‘बोलला ना, भाभी. म्हणाला, माझं काय नाय, तू खेळ पुरा कर.’’

फरजानाने पदर तोंडाला लावला. रडली, आणि रडता रडता हसलीसुद्धा. ‘‘असेच होते ते. आधी दुसऱ्याचं.’’ मग मुलीला जवळ घेऊन म्हणाली, ‘‘ऐकलंस ना? अब्बा शेवटपर्यंत दुसऱ्याचाच विचार करत होते.’’

‘‘येस, अम्मी,’’ माहिरा म्हणाली.

त्या गेल्या. मधुने दार लावून घेतलं.

मित्रांनो, मी चिंधी झालोय, उद्या कचऱ्यात जाईन, त्याचं काही नाही. पण तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. शेजारचा माणूस ‘मला घरी ने’ म्हणाला, की हातातलं काम असो नाहीतर खेळ, जिंकत असा की हरत, तिथेच टाका आणि त्याला घरी न्या. पाच मिनिटं मागू नका. माहिरा आता मोठी झाली असेल. बाबा कसे गेले असं तिला कुणी विचारलं, तर मधुने सांगितलेलंच ती सांगत असेल, आणि तेही अभिमानाने.