पेल्यात उरलेला घोट

सिद्धप्पाच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा, पेला सगळ्यांना देऊन झाला, की तळाला जे उरेल ते पेला फिरवणाऱ्या पंचानं टेबलापाशी, लोकांकडे तोंड करून प्यायचं. थेंबही ओतून टाकायचा नाही. कुणा जुन्या गोऱ्या साहेबानं ती घालून दिली होती; साहेब गेला, रीत राहिली. अकरा वर्षं हा मान सिद्धप्पाकडे होता आणि त्याचा त्याला ताठाही होता. शनिवारी तो स्वतः त्या पेल्यासाठी मनुका भिजत घालायचा, त्यांचा रस काढून गाळायचा. बायकोला, ईरम्माला, भांड्याला बोटसुद्धा लावू द्यायचा नाही. गिरणीत तो जॉबर होता, कामगारांवरचा मुकादम. तिथला रुबाब देवळातही अंगावरून उतरत नसे.

आणीबाणीतल्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, त्याचा धाकटा भाऊ तिप्पण्णा दारात येऊन उभा राहिला. नऊ वर्षांपूर्वी अंगावर चट्टे उठले तेव्हा सिद्धप्पानंच त्याला महारोग्यांच्या आश्रमात नेऊन सोडलं होतं. दर महिन्याला येतो म्हणून सांगितलं होतं. नऊ वर्षांत गेला चार वेळा. आता तिप्पण्णाच्या दोन्ही हातांची बोटं अर्धीअधिक झडली होती, पण तोंड हसरं होतं. खिशातला कागद त्यानं दोन तळव्यांत धरून पुढं केला.

"अण्णा, अंगात रोग न्हाय आता. डाक्टरची सही हाय बघ. माज्यापास्नं कुनाला लागत न्हाय. म्हटलं, घरला यावं. मागल्या पत्र्याखाली पडून राहीन की."

सिद्धप्पानं कागद वाचला. तिप्पण्णालाही मुहूर्त आजचाच सापडला होता. होटगीचे जालिंदरराव, रेल्वेतले, आपल्या मुलासाठी सिद्धप्पाच्या लेकीला बघायला आजच येणार होते. आधी उपासना, मग घरी जेवण. मुलीला चुलता आहे हे त्यांच्या कानावर घातलेलं नव्हतं.

"आधी उपासनेला चल," सिद्धप्पा म्हणाला. "मागच्या बाकावर बस. घरचं मग बघू."

वाटेनं तिप्पण्णा बोलतच होता. "तितं एक म्हातारा हाय. त्यानं मला शिकवलं. म्हनला, तू येशूचा झालास म्हंजी नुसता त्याच्या मागं चालत न्हाईस, त्याच्यातच हाईस. त्यो मेला तवा तू मेलास, त्यो उठला तवा तू बी उठलास. मी म्हटलं, मग माजी बोटं? म्हनला, ती बी त्याच्याच हातची गेली म्हन की. त्या दिसापास्नं मी रडलो न्हाय, अण्णा."

हेच सिद्धप्पा दर बुधवारी बायबलवर्गात फळ्यावर लिहून, शुद्ध मराठीत शिकवत असे. ख्रिस्ताशी एकरूपता, असं त्याला तो म्हणायचा. भावाच्या तोंडून ते ऐकताना मात्र त्याला रागच आला. त्यानं चालण्याचा वेग वाढवला.

जालिंदरराव तिसऱ्या बाकावर बसले होते. भाकर फिरली, पेला फिरला. तिप्पण्णा सगळ्यांच्या शेवटी पुढं आला आणि गुडघ्यांवर बसला. पेला त्याला धरता येईना, म्हणून सिद्धप्पानं तो त्याच्या ओठांना लावला. तिप्पण्णा डोळे मिटून प्याला. तळाशी घोटभर उरला. सगळ्यांना रीत ठाऊक होती आणि सगळे बघत होते.

सिद्धप्पा टेबलापाशी गेला, वळला. डॉक्टरचा कागद त्यानं वाचला होता. लागत नाही, हे त्याच्या डोक्याला पटलं होतं. पण पेल्याच्या कडेवर भावाचे ओठ टेकले होते ती ओली जागा त्याला दिसली आणि अंगावर काटा आला. त्यानं ओठ घट्ट मिटले, पेला तोंडाशी नेऊन तिरपा केला, गळा हलवला, पेल्यावर पांढरा रुमाल टाकला. अकरा वर्षांचा सराव होता. कुणाला शंका आली नाही.

उपासना सुटल्यावर तो पेला घेऊन देवळामागच्या नळावर गेला. ओतणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"सांडू नगंस, अण्णा."

तिप्पण्णा पाणी प्यायला आला होता. त्यानं पेल्यात बघितलं, मग भावाकडे. तिप्पण्णानं दोन तळव्यांत पेला धरला आणि उरलेला घोट स्वतः पिऊन टाकला.

"भ्या वाटतंच," तो म्हणाला. "पैल्यांदा मला बी माज्याच हाताचं भ्या वाटायचं. कुनाला सांगनार न्हाय मी. आन् येशूनं काय तुला सोडलं न्हाय, बरं का. त्यो सोडत न्हाय."

पत्र्याखाली राहण्याचं त्यानं पुन्हा काढलं नाही. दुपारच्या एसटीनं परत जातो म्हणाला आणि तसाच उन्हातून स्टँडकडे चालू लागला. त्यानं शिवी हासडली असती, तर सिद्धप्पाला बरं वाटलं असतं. पण त्यानं भावाला थांब म्हटलं नाही. घरी पाहुणे खोळंबले होते.

जेवणं झाली, चहा झाला. जालिंदररावांनी बशी खाली ठेवली.

"आता सांगायला हरकत न्हाय," ते म्हणाले. "मुलीचा चुलता महारोगी हाय, हे आमाला आदीच कळलं व्हतं. घरात लई जनांनी नको म्हटलं. मी म्हटलं, जाऊन बघतो तरी. पन तुमी भावाच्या मागनं त्योच पेला तोंडाला लावलात, तवाच मी ठरवलं. बोलनारे पुष्कळ असत्यात. आमाला असलं घर पायजे."

ईरम्माचे डोळे भरून आले. तिनं अभिमानानं नवऱ्याकडे बघितलं. लेक दाराआड उभी होती. नाही प्यालो, एवढे दोन शब्द बोलायचे होते. सिद्धप्पानं तोंड उघडलं.

"देवाची कृपा," तो म्हणाला.

लग्न ठरलं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. ख्रिस्तात एक होणं कशाला म्हणतात ते आपल्या सिद्धप्पांना विचारा, म्हणाले. तो मान खाली घालून बसला. लोक म्हणाले, केवढा नम्र माणूस.

पत्रिका लिहायला बसले तेव्हा ईरम्मानं विचारलं, "आता समद्यांना ठावं हाय. तिप्पण्णाभावजींना बोलवायचं न्हवं?"

"नको," सिद्धप्पा म्हणाला.

तिनं कारण विचारलं. तिला काय सांगणार? रोगाची भीती त्याला उरली नव्हती. तिप्पण्णा मांडवात आला असता, सगळ्यांशी हसून बोलला असता, आणि कबूल केल्याप्रमाणे कुणालाही काही सांगितलं नसतं. सिद्धप्पाला नेमकं तेच सोसणार नव्हतं.