पापणीवरचं अंडं

उस्ताद शहातांच्या अंडी उबवायच्या भट्टीत अंड्यातल्या पिल्लाला कुणी हात लावायचा नाही. बाहेर येईल ते आपलं, अडकेल ते मांजरांचं. हा कायदा त्यांच्या आजोबांनी घालून दिला होता म्हणे. आजोबांच्या कायद्याला ‘का’ विचारायची कुणाची टाप नव्हती, उस्तादांच्या मुलीखेरीज. तिला तर ‘का’शिवाय दुसरं काही विचारताच येत नसे.

इन्शिराह तिचं नाव. तिशी उलटलेली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून कालव्याकाठच्या या गावात बापाच्या घरी परत आलेली. भट्टीतून निघालेली पिल्लं चाळणीत घालून गच्चीवर उन्हाला ठेवायची आणि गिऱ्हाइकांच्या टोपल्यांत भरून द्यायची, हे बायकांचं काम ती करी. आत मातीच्या घुमटांखाली, गोवऱ्यांच्या धगीत रांगत जाऊन अंडी फिरवायची, ते पुरुषांचं. उस्तादांना मुलगा नव्हता, तेव्हा वसंताचा सण झाला की भट्टी त्यांच्या भाच्याकडे, हमदीकडे जाणार होती. हमदी तसा वाईट नव्हता, फक्त उभ्या उभ्या झोपायचा.

“मला द्या ना भट्टी, बाबा,” इन्शिराह एकदा जेवताना म्हणाली.

उस्तादांना शेंगदाण्याएवढंही आश्चर्य वाटलं नाही. भाकरीचा तुकडा फुलात, म्हणजे बाकल्याच्या आमटीत, बुडवत ते म्हणाले, “फुटक्या अंड्यातलं एक पिल्लू स्वतःच्या पायावर उभं करून दाखव. मग बोलू.”

ते बोलले थट्टेनं. पण समोर बहिय्या आत्या बसली होती, हमदीची आई. आत्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत कालव्याच्या दोन्ही काठांना ठाऊक होई. झालं, थट्टेची पैज झाली, आणि उस्तादांसारख्या माणसाला गावासमोर शब्द फिरवता येईना.

भट्टीच्या दाराशी तडकलेल्या अंड्यांचं टोपलं असे. इन्शिराहनं ते मांजरांच्या तोंडातून काढून घेतलं. पहिल्या अंड्यातून चिवचिव ऐकू आली तशी तिनं घाईनं टरफल सोललं. आतल्या पातळ पडद्याला नख लागलं आणि रक्त आलं. एवढंसं रक्त, पण त्या जिवाकडे होतंच तेवढं. पिल्लू तिच्या तळहातावर गार झालं. ती रडली, डोळे पुसले आणि मग त्या पडद्याकडे बघत बसली. रक्त आलं कुठून? पिल्लाला तर कुठे खरचटलंही नव्हतं.

गच्चीच्या झापातल्या भोकातून उन्हाची तिरीप येई. तिच्यासमोर ती दुसरं तडकलेलं अंडं धरून बघू लागली. टरफलाला आतून लाल शिरांचं जाळं चिकटलेलं होतं. रक्त पिल्लाच्या अंगाबाहेर, भिंतीवर! आणि जे मेलं होतं त्याच्या पोटाशी अर्धा पिवळा बलक लोंबत होता. म्हणजे पिल्लू अजून जेवतच होतं आणि आपण त्याला ताटावरून उठवलं.

पुढच्या खेपेला तिनं हात आवरला, नुसती वाट पाहिली. तर तडकलेल्या जागेतून वारा शिरून पडदा वाळला आणि पिल्लाला असा आवळून बसला की त्याला मानही हलवता आली नाही. तेही गेलं.

“घाई केली तरी मरतात, नाही केली तरी मरतात,” आत्या म्हणाली. “अल्लाच्या कामात नाक खुपसलं की असंच व्हायचं. नाकही काही लहान नाहीये तुझं.”

“बाबांवर गेलंय, आत्या. तुमच्यावरही.”

मग एक अंडं हमदीच्या हातून घरंगळलं. निमुळत्या टोकाजवळ चीर गेली, पडदा मात्र शाबूत राहिला. इन्शिराहनं चिरेवर मेणबत्तीचं मेण अगदी पातळ ओघळवलं आणि अंडं राखेजवळच्या उबेत ठेवलं. दिवस भरले तसं आतलं पिल्लू टोचू लागलं, पण भलत्याच टोकाला. हवेची पोकळी रुंद टोकाला असते, आणि हा शहाणा डोकं निमुळत्या टोकाला घालून बसला होता. तिनं सुईनं श्वासापुरतं भोक पाडलं. चोचीचं टोक दिसलं. पडदा वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात अंडं गुंडाळलं आणि ती ते मांडीवर घेऊन बसली. शिरा अजून लाल होत्या. भोकातून बघावं तर चोच हळूहळू उघडमीट करत होती, काहीतरी चघळत असल्यासारखी. ‘जेवतोयस होय रे?’ ती मनात म्हणाली. ‘जेव बाबा, सावकाश जेव.’

दुपारनंतर चोच हलायची थांबली. आवाजही बंद झाला. नेमके तेव्हाच उस्ताद गच्चीवर आले.

त्यांनी फडकं सोडलं, अंडं उचललं आणि मिटलेल्या डाव्या पापणीवर टेकवलं. त्या पापणीची कीर्ती मोठी होती. भट्टीत कुठल्या घुमटाला धग कमी आहे, कुठल्याला जास्त, ते ती पापणी सांगे, आणि आजवर कधी चुकली नव्हती.

“गार आहे,” ते म्हणाले. “मेलं. सोड आता हट्ट.” आणि अंडं मांजराच्या दिशेनं टाकायला त्यांनी हात मागे नेला.

इन्शिराहनं तो हात धरला. बापाचा हात तिनं असा कधी धरला नव्हता. “बाबा, टरफल ओलं आहे. वारा लागून गार पडलंय ते. आतलं नाही.”

“माझी पापणी मला शिकवतेस?”

“पापणी खरंच सांगतेय. पण टरफलाचं सांगतेय. तुम्ही लावता आणि लगेच काढता. जरा वेळ ठेवून तर बघा!”

“ठेव, ठेव, दादा,” आत्या जिन्यातून ओरडली. “म्हणजे एकदाची हिची समजूत पटेल.”

उस्ताद हट्टाला पेटले. टोपी मागे सारून भिंतीला टेकून बसले आणि अंडं पापणीवर धरून राहिले. खाली कालव्यात बदकं भांडत होती. थोड्या वेळानं त्यांचा दुसरा डोळा एकदम उघडला.

“काय झालं?” इन्शिराहनं विचारलं.

“गप्प बस.” मग कुजबुजत, “आत कुणीतरी खरवडतंय.”

त्यानंतर म्हाताऱ्यानं अंडं तिच्या हाती दिलं खरं, पण जागचा हलेना, एकेक विचारत राहिला. शिरा कधी जातात? चोच का थांबली? मेण कशाला, लाख का नाही? तिला माहीत होतं तेवढं ती सांगत गेली. लाल रेषा फिकट होत होत नाहीशा झाल्या, पिल्लाचं जेवण आटोपलं, तेव्हा तिनं कोमट पाण्यात बोट भिजवून पडदा ओला केला आणि टरफलाची एकेक कपची उचलली. डोकं मोकळं झाल्यावर हात काढून घेतला. उरलेली लाथ पिल्लानं स्वतः मारली.

बाहेर आलं ते ओलं, कुरूप, आणि पाय दोन बाजूंना फाकलेले. तिनं लोकरीचा धागा सैल बांधून ते जवळ आणले.

दुसऱ्या दिवशी सगळे गच्चीवर जमले. पिल्लू सुकून पिवळं झालं होतं आणि उभंही होतं.

“पाय बांधलेत की!” हमदी म्हणाला. “याला स्वतःच्या पायावर म्हणत नाहीत, मामा.”

बोलणं वाजवी होतं. इन्शिराहनं कात्री घेतली. आपण भट्टी घालवतोय की कमावतोय हे तिलाही ठाऊक नव्हतं. धागा तुटला. पिल्लू तोंडावर आपटलं. उठलं, पुन्हा आपटलं. मग ते उठलं, डुगडुगलं आणि दाण्यांकडे चालत गेलं.

“चालतंय की मेलं,” आत्या म्हणाली, आणि हमदीच्या पाठीत एक धपाटा घातला.

“उद्यापासून आत ये,” उस्ताद म्हणाले. “हमदी गोवऱ्या वाहील.”

इतके महिने ज्या शब्दांसाठी ती झुरली होती ते असे सहज आले. ती आनंदानं ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिच्या डोक्यात भलतंच काही चाललं होतं.

“बाबा, जी अंडी तडकत नाहीत, पडत नाहीत, त्यांतलीही काही पिल्लं आतच मरतात. ती का?”

उस्तादांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. आजोबांचं नाव ओठांवर आलं असावं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि दाण्यांशी झगडणाऱ्या त्या पिल्लाकडे पाहिलं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच म्हणाले असतील.

मग ते उठले, तिच्याबरोबर खाली उतरले आणि भट्टीचं बुटकं दार उघडून स्वतः बाजूला झाले. तिनं ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि बापाच्या आधी रांगत आत गेली.