पोपसाहेबांसाठी मिस्सा

१९७८च्या ऑगस्टमध्ये पोप पॉल सहावे वारले, तेव्हा देवळाली कॅम्पातल्या आक्काबाईनं घरातल्या त्यांच्या तसबिरीला झेंडूचा हार घातला. सून सलोमी चहा गाळत होती. तिनं एकवार तिकडे बघितलं आणि गाळणी आपटली.

"आपट, आपट," आक्काबाई म्हणाली. "या माणसानं मिस्सेची सगळी प्रार्थना मराठीत आणली. तवर मी लॅटिनला आमेन म्हणत बसले. फादर रागावतोय का आशीर्वाद देतोय, काय कळायचं?"

"आणि माझं काय केलं त्यांनी, आत्याबाई?"

आक्काबाई हार सारखा करत राहिली. सलोमी सरकारी दवाखान्यात नर्स होती. पुढचं मूल लांबवायला आलेल्या बायकांना तांबी बसवायची. दहा वर्षांपूर्वी याच पोपनी असल्या साधनांना मनाई केली होती. मग जुन्या फादरांनी सलोमीला बजावलं, हे काम सुटेपर्यंत मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायचा नाही. तिनं काम सोडलं नाही आणि चर्चही सोडलं नाही. दर रविवारी ती शेवटच्या बाकावर बसे. बाकीचे प्रसादाच्या रांगेत गेले की रिकाम्या बाकांकडे बघत राही.

आता फादर नवे होते. पोपसाठीच्या मिस्सेत सगळ्यांच्या वतीनं देवापुढे मांडायच्या विनंत्या वाचायला त्यांनी तिलाच सांगितलं. तिचा आवाज स्वच्छ, म्हणून.

"माझं काम ठाऊक आहे ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"वाचायला काही आडकाठी नाही," ते म्हणाले. प्रसादाचं ते काही बोलले नाहीत.

रविवारी तिनं वाचलं. प्रार्थना लोकांच्या भाषेत आली, त्याबद्दल आभार. लोक म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." पुढची विनंती पोपनी कुटुंबांना दिलेल्या शिकवणीची, म्हणजे त्याच मनाईची. तीही तिनं एक शब्द न गाळता वाचली. मग कागदाची घडी केली. शेवटी वाचणाऱ्यानं आपली एक विनंती घालायची, अशी इथली रीत.

"सातव्या बाळंतपणात गेलेल्या चांगुणासाठी," सलोमी म्हणाली, "आणि तसं मरण नको म्हणून आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांसाठी."

कुणीतरी खोकलं. मग पुढच्या बाकावरून एकच चिरका आवाज आला, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आक्काबाईचा. त्यामागून बायकांचे आवाज आले, पुरुषांचे जरा उशिरा.

प्रसादाची वेळ झाली तशी सलोमी मागे जाऊन बसली. आक्काबाई रांग सोडून तिच्यापाशी आली.

"ऊठ. गुडघा लय धरलाय. पुढपर्यंत ने मला."

"सकाळी तर बरा होता."

"चर्चमधी वाद घालू नको. धर हात."

दोघी हळूहळू पुढे गेल्या. आक्काबाईनं प्रसाद घेतला, पण सुनेचा हात काही सोडेना. सलोमी फादरांसमोर तशीच उभी राहिली. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"ख्रिस्ताचं शरीर," प्रसाद तिच्यापुढे धरत ते म्हणाले.

"आमेन," सलोमी म्हणाली.

वळून बघते तर आक्काबाई गुडघा विसरून भराभर आपल्या बाकाकडे निघाली होती.