आइसलंडची ओटी

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत करावे गावात चौदा देश येणार होते, आणि त्यांची वाटणी मला करायची होती.

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा भरणार होती. समुद्रकिनारा असलेल्या देशांतल्या तरुणी तिच्यात उतरणार होत्या. संयोजकांपैकी कोणाच्या तरी मनात आलं, की या मुलींना खाडीपलीकडचं एखादं मासेमारीचं गाव दाखवावं; फोटो चांगले येतील. त्यांचे व्यवस्थापक नंदकुमार मोटारीने येऊन शाळा पाहून गेले. मी तेव्हा तिथे सातवीला शिकवत होतो. ठरलं ते असं: आधी शाळेत स्वागत, मग एकेक पाहुणी एकेका घरी तासभर, मग परत.

"गुरुजी, घरं जरा बरी निवडा," जाताना ते म्हणाले.

मी निवडली नाहीत. पटांगणात चुन्याने जगाचा नकाशा काढला, मुलांना भोवती उभं केलं आणि टोपीत चौदा चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जो देश येईल त्याने नकाशात त्या देशावर जाऊन उभं राहायचं, त्याची राजधानी सांगायची आणि ती पाहुणी आपल्या घरी न्यायची. भूगोलाच्या तासाला एवढा गोंगाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. बंडूला ब्राझील आला. तो उड्या मारत अटलांटिक महासागर तुडवून पलीकडे गेला आणि चुना फिसकटला म्हणून त्याने माझी बोलणी खाल्ली.

शेवटची चिठ्ठी भागीरथीची. तिने ती उघडून मोठ्याने वाचली, "आइसलंड."

"बर्फाचा देश!" बंडू ब्राझीलवरून ओरडला. "भागे, तुझी पाहुनी उन्हान वितलून जाईल गो!"

"वितलली तं हंड्यान भरून ठेवीन," भागीरथी म्हणाली. "तुना थेंब नाय देनार."

आइसलंड शोधायला तिला वेळ लागला. नकाशाच्या वरच्या टोकाला, कुंपणाजवळ, मी एक लहानसं बेट काढलं होतं. त्यावर तिची दोन पावलं कशीबशी मावली.

त्या दिवसापासून ती माझ्या मागेच लागली. तिथे शेती होते का? रात्र केवढी असते? एका जुन्या मासिकात मला आइसलंडचं चित्र सापडलं: लाकडी मांडवावर ओळीने काहीतरी टांगलेलं. भागीरथीने ते चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"गुरुजी, हे मासे सुकत घातलेत."

"मलाही तसंच वाटतं. पण चित्राखाली काही लिहिलेलं नाही. तिलाच विचार."

बंडूने अर्थातच हे खोडून काढलं. बर्फात मासे सुकतीलच कसे, आणि असली मडम भागीच्या घरची सुकट बघून नाक धरून पळेल, असं त्याचं म्हणणं. "ती तुमचे घरी जेवली ना, तं म्हैनाभर तुजं दप्तर मी उचलीन!"

भागीरथीचं घर गावाच्या पार टोकाला होतं, बांधापलीकडे, खाडीच्या तोंडाशी. सरकारी साहेब येवोत की देवी टोचणारे येवोत, सगळे शाळेपर्यंत येत आणि तिथूनच वळत. "आमचे घरी बाहेरचा मानूस कवाच नाय आला, गुरुजी," ती मला म्हणाली होती. "ती येल ना?"

"ठरलंय तर येईल," मी म्हणालो.

त्या शब्दावर तिने आणि तिच्या आईने, वेणूबाईने, पंधरा दिवस घर सारवलं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला, तोही लग्नघरासारखा. आणि पाहुण्यांच्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला वेणूबाईने गुडघाभर चिखलात उतरून निवट्या धरल्या. निवटी म्हणजे चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा; धरणाऱ्याची परीक्षा बघतो. त्या दिवशी टोपलीभर मिळाल्या.

बस दहाला यायची, ती बारा वाजून गेल्यावर आली.

पण दार उघडलं आणि दोन तास उन्हात उभी असलेली मुलं सगळं विसरली. एकामागून एक चौदा उंच मुली उतरल्या. कोणी झग्यात, कोणी विजारीत, आणि प्रत्येकीच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका रेशमी पट्टा, त्यावर देशाचं नाव. मुलं अक्षरं जुळवून ओरडू लागली, "जपान! गुरुजी, जपान आला! ग्रीस! ब्राझील, ए बंड्या, तुझा ब्राझील!"

आइसलंड सगळ्यांत शेवटी उतरली. तिचं नाव सिग्रून. केस निवडलेल्या गव्हासारखे, आणि नाक उन्हाने आताच लाल झालेलं. भागीरथीने पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं, "प्लीज कम टू माय हाऊस."

सिग्रून वाकली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "येस!"

तेवढ्यात नंदकुमार माझ्याजवळ आले. घड्याळाकडे बघत म्हणाले, "सॉरी हं गुरुजी, घराबिराचं कॅन्सल. चारला हॉटेलवर रिहर्सल आहे. इथेच पाच मिनिटं भाषण, एक ग्रुप फोटो, की निघालो."

"मुलांना शब्द दिलाय आपण."

"अहो, लहान मुलं ती. विसरतील."

मी भागीरथीकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती रडली नाही. फक्त सिग्रूनचा हात तिने सोडला आणि माघारी चालू लागली, आईकडे.

वेणूबाई बायकांच्या घोळक्यात होती. मुलीने सांगितलं तशी बातमी सगळीकडे पसरली. "अशाच जातील? उंबरा न चढता? एवढ्या लांबशी आलेल्या बाया रिकाम्या जातील?" त्या घोळक्यात बयाबाईही होती. बयाबाई गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन विधी तीच लावायची, आणि तिच्या शब्दापुढे भटजीही गप्प बसत.

"मास्तर," वेणूबाईने मला विचारलं, "त्यांचे पट्ट्यावर काय लिवलंय?"

"ज्या ठिकाणच्या त्या म्हणवतात, त्या ठिकाणचं नाव," मी घाईत सांगितलं. पुढे काय होणार आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही, ही माझी चूक. करावे गावात बाई ज्या ठिकाणची म्हणवते, ते तिचं सासर असतं. आणि समोरच्या मुली वीस-बावीस वर्षांच्या. त्या वयाला गावात कडेवर एक आणि हाताशी एक असे.

नंदकुमार माईकशी खटपट करत होते तेवढ्यात बायका निघाल्या. कोणी शाळेशेजारच्या घरातून सूप आणलं, कोणी तांदूळ, कोणी नारळ, कोणी हळदीकुंकवाची कोयरी. चौदा पाहुण्यांसमोर, चिठ्ठीत ज्या घराला जी आली होती त्या घरच्या, चौदा जणी उभ्या राहिल्या. अडचण एकच होती: ओटी घ्यायला पाहुण्यांना पदर नव्हता. वेणूबाईने क्षणभर सिग्रूनकडे पाहिलं, तिचा पट्टा दोन्ही हातांनी पुढे धरून त्याची झोळी केली आणि तिच्या मुठीत दिली. बाकीच्यांनी तेच केलं. हळद लागली, कुंकू लागलं, ओंजळीने तांदूळ पडले, वर नारळ. फोटोवाला वेड्यासारखा कॅमेरा फिरवत होता. जपानची मुलगी नारळाच्या वजनाने खिदळत होती.

मग माईक सुरू झाला. नंदकुमार मराठीत म्हणाले, "माता-भगिनींनो, या स्पर्धेचा नियमच असा आहे की फक्त अविवाहित मुलींनाच भाग घेता येतो. तर जगभरच्या या चौदा कुमारिका—"

वेणूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कुवाऱ्या?" कोणीतरी कुजबुजलं. "समद्या?"

"आगो बाय! कुवाऱ्या पोरींच्या ओट्या भरल्या आपून!"

भाषण तिथेच संपलं. बायका एकमेकींना दोष देऊ लागल्या, आणि मग सगळ्या मिळून मला. "मास्तर, तुमीच सांगितलाव ना?" काही जणी बयाबाईभोवती जमल्या. ओटी परत घ्यावी तर देऊन काढून घेतल्यासारखं. तशीच न्यावी तर ज्यांना नवराच नाही त्यांनी सवाशिणीचा मान नेलेला.

"काय झालं?" सिग्रूनने मला इंग्रजीत विचारलं. बाकीच्या मुलीही तांदूळ सावरत भोवती आल्या. मी जमेल तसं सांगितलं: हा मान लग्न झालेल्या बाईचा, चुकून तुम्हाला दिला गेला, आणि यातून काही अशुभ होईल अशी बायकांना भीती वाटते.

"अशुभ?" ग्रीसची मुलगी किंचाळली. "उद्या स्पर्धा आहे!"

तो शब्द चौदा भाषांमधून फिरला. आपला पट्टा कोणी खाली सोडेना, की धड हातात धरेना.

बयाबाई सगळं बघत होती. तिने भागीरथीकडे पाहिलं. ती कुंपणाजवळ, फिसकटलेल्या आइसलंडवर एकटी उभी होती. मग बयाबाईने पदर खोचला.

"गप ऱ्हावा समद्या," ती म्हणाली. "उपाय हाय. जिची ओटी जिनं भरली, तिनं ते पोरीला आपले घरी न्यावी. ओटीचे तांदूल धुवून शिजवावं, नारल फोडून कालवनान घालावा, आन पोरीला पोटभर वाढावा. पोटान गेला म्हंजे ती ओटी नाय ऱ्हायली, जेवन झालं. मग दोष नाय."

मी इंग्रजीत सांगितलं. नंदकुमार धावत आले. "शक्य नाही! आधीच उशीर झालाय! सगळ्यांनी बसमध्ये चला!"

एकही मुलगी हलली नाही.

"मी हे तांदूळ खाल्ल्याशिवाय बसमध्ये चढणार नाही," ग्रीस म्हणाली. ब्राझीलने तर बंडूला दंडाला धरून विचारलं, कुठल्या बाजूला?

आणि सिग्रून पट्ट्याची झोळी पोटाशी धरून पटांगण ओलांडून गेली. नकाशाच्या वरच्या टोकाशी थांबून तिने त्या लहानशा बेटाकडे पाहिलं, मग त्यावर उभ्या असलेल्या मुलीकडे. म्हणाली, "युअर हाऊस. प्लीज."

भागीरथी पळतच सुटली. मग मागे वळली, सिग्रूनच्या कोपराला धरलं आणि दोघी बांधावरून जवळजवळ धावत निघाल्या. मागे वेणूबाई, तिच्यामागे मी दुभाषा म्हणून, आणि खात्री करून घ्यायला ब्राझीलला आईच्या हवाली करून आलेला बंडू.

पुढचा पाऊण तास त्या घरात काय गडबड! भागीरथीने तांदूळ धुतले, पाणी हळदीने पिवळं झालं. वेणूबाईने नारळ फोडला, वाटण वाटलं आणि निवट्यांच्या कालवणात ओतलं. सिग्रून चुलीजवळ पाटावर बसून सगळं निरखत होती. अंगणात सुकत घातलेला, बारीक कोलंबीसारखा जवळा तिला दिसला. ती उठून तिथे गेली, मूठभर उचलून नाकाशी नेला. बंडू डोळे मोठे करून बघत राहिला.

"घरचा वास!" ती म्हणाली. तिच्या बापाची होडी होती. मासे लाकडी मांडवावर टांगायचे आणि थंड वाऱ्यात सुकू द्यायचे, हे तिचं लहानपणापासूनचं काम. भागीरथीने मासिकातलं चित्र पुढे केलं, तर सिग्रूनने टांगलेल्या ओळींवर बोट आपटलं. "मासेच! मासेच आहेत हे!"

"बघ बंड्या!" भागीरथी ओरडली.

जेवताना सिग्रूनने सांगितलं, की त्यांच्याकडे मुलगी लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. मी ते मराठीत सांगितल्यावर वेणूबाईच्या हातातला डाव हवेतच थांबला. "आन सासरची लोकं काय बोलत नाय?"

"काय बोलणार?" सिग्रून म्हणाली, आणि तिने आणखी भात मागून घेतला.

दोन वाजता बस निघाली. नंदकुमार सारखे घड्याळ बघत होते, पण त्यांच्या मिशीला कालवण लागलेलं मी पाहिलं. बस वळणाआड गेल्यावर मी बयाबाईला गाठलं. "हा उपाय कुठल्या धवल्यात आहे, बयाबाय? मी तर कधी ऐकला नाही."

"आजपासून हाय," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी बंडू दोन दप्तरं घेऊन शाळेत आला. भागीरथी मोकळ्या हातांनी पुढे, हातात फक्त वर्तमानपत्र. स्पर्धा दुसऱ्याच कोणी जिंकली होती. आइसलंड मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. फोटो काळा-पांढरा आणि अंधूक. सगळ्यांचे पट्टे स्वच्छ होते, नवे दिले असावेत. सिग्रूनच्या पट्ट्यावर मात्र कमरेजवळ एक मोठा काळपट डाग होता.

"शाई सांडली वाटतं छापताना," मी मुद्दाम म्हणालो.

"नाय गुरुजी," भागीरथीने डागावर बोट ठेवलं. "हलद हाय ती. आमचे घरची."